अणुभट्टीच्या पाण्यातला धातूचा थकवा: गणितात नेमकं कुठलं तापमान धरायचं?

पवई_पूर्व
नमस्कार मंडळी. ३०४एल स्टेनलेसच्या एका नोझलचं (पाइप जोडायच्या तोंडाचं) फटीगचं, म्हणजे थकव्याचं, गणित चाललंय. हवेतल्या आलेखावरून युसेज फॅक्टर (आयुष्याचा वापरला गेलेला हिस्सा, १ च्या वर गेला की नापास) ०.१२ येतो. आता त्याला पाण्याचा गुणक, म्हणजे एफईएन, लावायचा आहे. ट्रान्झियंट (तापमानाचा चढउतार) असा: धातू २८० अंशांवर, ९० सेकंदांत पाणी ४० अंशांपर्यंत खाली, मग अर्ध्या तासात परत २८०. आतल्या पृष्ठभागावर स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) साधारण ०.४ टक्के फिरतो.

२००७ च्या न्यूरेग ६९०९ चं (अमेरिकी अणुनियामकाच्या अहवालातलं) सूत्र वापरलं, स्ट्रेन रेट सर्वांत मंद धरला. तापमान २८० धरलं तर गुणक ८.८ येतो आणि ०.१२ चे १.०६ होतात, म्हणजे नापास. सरळ सरासरी १६० धरली तर गुणक २.३, आणि ०.२८ वर आरामात पास. एकाच नोझलची दोन उत्तरं. कुठलं तापमान खरं?

गोवंडी_लोकल
मूळ शंका. पाणी तेच, पोलाद तेच, मग तापमानानं थकव्यात एवढा फरक का पडावा? आणि डिझाइनच्या आलेखात २० चा फॅक्टर आधीच आहे ना? त्यात पाणी धरलेलं नाही का?

चेंबूर_नाका
गोवंडी, हा समज फार पसरलेला आहे म्हणून आधी तोच. एएसएमईच्या (अमेरिकी यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेच्या) जुन्या आलेखात स्ट्रेसवर २ आणि सायकल्सवर २० होते. ते २० म्हणजे २ × २.५ × ४. दोन हे आकड्यांच्या विखुरणीसाठी, अडीच नमुना लहान आणि प्रत्यक्ष भाग मोठा म्हणून, आणि चार पृष्ठभागाचा खडबडीतपणा व 'वातावरण' यांसाठी. हे वातावरण म्हणजे वातानुकूलित प्रयोगशाळेऐवजी कारखान्यातली हवा. ३०० अंशांचं दाबाखालचं पाणी त्यात कधीच नव्हतं. मूळ चाचण्या गुळगुळीत नमुन्यांवर, हवेत, खोलीच्या तापमानाला झालेल्या. पुढे आकडेवारी नव्यानं तपासून २० चे १२ झाले आणि पाण्यासाठी वेगळा गुणक आला. त्यामुळे '२० मध्ये सगळं आलं' हे चालणार नाही.

पवई, तुमच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, पण आधी एक सांगा: स्ट्रेन वाढतो कधी? पाणी गार होताना की गरम होताना?

पवई_पूर्व
गार होताना. आतली कातडी आकसू पाहते, मागचा गरम धातू तिला आकसू देत नाही, म्हणून आत ताण.

रसायन_दादर
त्यांचं उत्तर येईपर्यंत गोवंडींच्या पहिल्या शंकेबद्दल. 'तापमान वाढलं की वाईट' एवढं म्हणून भागत नाही. ते धातूवर आणि पाण्यातल्या ऑक्सिजनवर अवलंबून आहे.

कार्बन स्टील घ्या. २००७ च्या सूत्रात तापमान, गंधक, विरघळलेला ऑक्सिजन आणि स्ट्रेन रेट हे चौघं एकमेकांना गुणलेले आहेत. एक शून्य झाला की बाकीच्यांचा जोर संपला. ऑक्सिजन ०.०४ पीपीएमच्या (दहा लाखांत एवढे भाग) खाली असेल तर त्याची संज्ञा, म्हणजे सूत्रातलं पद, शून्य, आणि गुणक १.९ वर अडकतो, मग पाणी २०० अंश असो की ३००. आता ऑक्सिजन ०.२ पीपीएम करा (उकळत्या पाण्याच्या भट्टीत हायड्रोजन न सोडता सहज सापडणारी पातळी), गंधक ०.०१५ टक्के, स्ट्रेन रेट सर्वांत मंद. १५० अंशांना गुणक १.९, २०० ला ४.४, २९० ला जवळपास २०.

कारण धातूच्याच पोटात आहे. मँगनीज सल्फाइडचे कण भेगेच्या तोंडाशी उघडे पडतात, विरघळतात, आणि भेगेच्या आतलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळंच होऊन बसतं. बाहेर ऑक्सिजन असेल तर भेगेचं तोंड आणि टोक यांत विद्युत विभवाचा फरक पडतो आणि तो सल्फाइडला आत ओढून धरतो. तापमान या सगळ्याचा वेग वाढवतं. प्रवाह जोरात असेल तर उघड्या, उथळ भेगेतलं सल्फाइड धुऊन जातं आणि वाढ मंदावते. म्हणून साचलेल्या पाण्याची डेड लेग (प्रवाह नसलेली बंद शाखा) जास्त जपावी लागते.

पालघर_पॅसेंजर
म्हणजे आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांना हा त्रास कमी?

रसायन_दादर
प्रायमरी कार्बन स्टीलच्या पाइपिंगपुरतं, नेहमीच्या चालण्यात, हो. २२० मेगावॅटच्या भट्टीत जड पाणी २४९ अंशांना आत जातं, २९३ ला बाहेर येतं. लिथियम हायड्रॉक्साइडनं पीएच दहाच्या वर ठेवतात आणि ऑक्सिजन १० पीपीबीच्या (०.०१ पीपीएमच्या) खाली. २००७ च्या सूत्रानुसार तिथे तापमानाची संज्ञा गळूनच पडते.

धोका चालू करतानाचा आहे. बंद असताना उघडलेल्या सिस्टिममध्ये हवा शिरते. पाणी गार असेपर्यंत हा ऑक्सिजन थकव्याच्या दृष्टीनं फारसा बोचत नाही. तो तसाच राहून पाणी १५० च्या वर गेलं, की दोन्ही संज्ञा एकदम जाग्या होतात. दाबित पाण्याच्या भट्ट्यांत ऑक्सिजनची मर्यादा १२० अंशांच्या आसपास लागू होते, त्याच्या आत हायड्राझिन घालून तो संपवायचा असतो. गरम करण्याचा वेग आणि ऑक्सिजन काढण्याचा वेग यांची सांगड घालणं हे ऑपरेटरच्या हातातलं काम आहे. माझ्या मते थकवा रोखायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

गोवंडी_लोकल
आणि स्टेनलेसला?

रसायन_दादर
तिथे गणित उलटं. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात स्टेनलेसचं आयुष्य वाढत नाही, कित्येक चाचण्यांत उलट कमी भरतं. २००७ च्या सूत्रात ऑक्सिजनची संज्ञा सगळ्या पातळ्यांना एकच, ०.२८१ ठेवली होती. सल्फाइडची कहाणी इथे लागू होत नाही. ऑक्साइडचा थर फुटणं, उघड्या धातूचं विरघळणं, त्यात तयार होणारा हायड्रोजन धातूत शिरणं, यांतलं कोण किती जबाबदार यावर जाणकारांत अजून एकमत नाही. तापमानाचा परिणाम मात्र वादातीत आहे.

सायन_सर्कल
जपानमधल्या मिहामा अणुकेंद्रात २००४ मध्ये जे झालं ते हेच का? गरम पाणी, कार्बन स्टील, पाइप फुटला, पाच माणसं गेली.

चेंबूर_नाका
नाही, ते थकवा नव्हे. मिहामा ३ ला ओरिफिसच्या (प्रवाह मोजायच्या भोकाच्या चकतीच्या) पुढे प्रवाहानं पाइपची भिंत खात खात १० मिलिमीटरवरून सर्वांत पातळ जागी दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती. प्रवाहामुळे होणारी झीज ती. तिचं तापमानाशी नातं वेगळंच आहे: एकट्या पाण्यात ती १५० अंशांच्या आसपास कळसाला जाते आणि पुढे उतरते. थकव्यात उतार नाही, १५० नंतर चढच आहे. म्हणून झिजेसाठी निवडलेल्या तपासणीच्या जागा थकव्यासाठी उपयोगी पडतीलच असं नाही. झिजेला जाडी मोजतात, थकव्याला भेग शोधतात.

आता पवई. तुमच्या ट्रान्झियंटमध्ये ताण वाढतो तेव्हा तापमान उतरत असतं. प्रयोगशाळेतला नमुना मात्र पूर्ण वेळ एकाच तापमानाला असतो. म्हणून २८० धरलं तर अतिसावध. पण सरळ सरासरी १६० ही चूक. १५० च्या खाली तापमानाची संज्ञा शून्यच असते, तेव्हा ४० अंशांना सरासरीत घेऊन तुम्ही गरम भागाचं वजन फुकट कमी करता. रेषीय ट्रान्झियंटला किमान तापमान आणि १५० यांतलं मोठं घ्यायचं आणि त्याची कमालशी सरासरी: (२८० + १५०) ÷ २ = २१५. गुणक ४.३. युसेज ०.५१.

दुसरं, स्ट्रेन रेट सर्वांत मंद का धरलात? ०.४ टक्के ९० सेकंदांत म्हणजे सेकंदाला ०.००४४ टक्के. तो घातला की २८० ला सुद्धा ८.८ ऐवजी ५.३ येतो, २१५ ला ३.३.

शीव_कोळीवाडा
+१. आणि धातूच्या पृष्ठभागाचं तापमान घ्या, पाण्याचं नको. पाणी ४० झालं तरी पृष्ठभाग मागे रेंगाळतो.

ऑटोक्लेव्ह
चेंबूर_नाका साहेब, ३.३ ला माझा विरोध आहे. तुम्ही चक्राचा अर्धाच भाग बघताय.

गुणक लागतो तो स्ट्रेन किमान बिंदूपासून कमाल बिंदूपर्यंत चढत असतानाच्या संपूर्ण भागाला. पवईंच्या चक्रात किमान बिंदू कुठे आहे? पाणी परत गरम होताना. तेव्हा आतली कातडी फुगू पाहते, मागचा धातू गार असतो, म्हणून कातडीत दाब. मग भिंत हळूहळू सारखी तापते आणि कातडी त्या दाबातून शून्याकडे परत येते. ही परत येण्याची वाट म्हणजे चढता स्ट्रेनच! आणि ती वाट कशी आहे बघा: धातू पूर्ण २८० वर आणि वेग अगदी मंद. पाण्याला यापेक्षा सोयीची वेळ मिळत नाही. त्यानंतर गार पाण्याचा झटका येतो, त्यात उरलेला चढ जलद आणि उतरत्या तापमानात.

पवई_पूर्व
हे डोक्यातच आलं नव्हतं. परत गरम होणं मी निरुपद्रवी धरून सोडून दिलं होतं.

चेंबूर_नाका
ऑटोक्लेव्ह, मुद्दा मान्य. पण अर्ध्या तासात सावकाश गरम होताना भिंतीतला फरक लहान, म्हणजे तो दाबाचा भाग एकूण स्ट्रेनच्या किती टक्के असणार?

ऑटोक्लेव्ह
ते त्यांच्या मॉडेलमधूनच काढावं लागेल. समजा १५ टक्के. तेवढ्या भागाला ८.८, उरलेल्या ८५ ला ३.३. स्ट्रेनच्या वाट्यानं भारित सरासरी ४.२. युसेज ०.५०. म्हणजे तुमच्या पहिल्या आकड्याजवळच आलो, पण आता तो का आला ते सांगता येतं. हेच काम बारीक तुकडे पाडून केलं की सुधारित रेट पद्धत झाली: प्रत्येक तुकड्याचा गुणक त्या क्षणाचं तापमान आणि त्या क्षणाचा रेट घालून काढायचा, स्ट्रेनच्या वाढीनं गुणायचा, बेरीज करून एकूण पल्ल्यानं भागायची.

गरम होणं अर्ध्या तासाऐवजी झटक्यात झालं असतं तर तो वाटा १५ वरून ४० टक्क्यांवर सहज गेला असता. म्हणून ट्रान्झियंट लिहून घेताना परतीचा वेगही लिहून घ्या. बहुतेक नोंदींत गार होण्याचा आलेख असतो, आणि परतीपुढे नुसतं 'पूर्ववत'.

गोवंडी_लोकल
या चाचण्या करतात कशा? एवढ्या तापमानाला पाण्यात नमुना ओढायचा आणि स्ट्रेन मोजायचा?

ऑटोक्लेव्ह
मोठा विषय आहे, मोजकं लिहितो.

ओढणारा दांडा ऑटोक्लेव्हच्या (गरम पाण्याच्या बंद दाबपात्राच्या) सीलमधून जातो. आत १५ मेगापास्कल दाब असेल आणि दांडा २० मिलिमीटरचा, तर दाबच त्याला ४.७ किलोन्यूटननं बाहेर ढकलतो. सीलचं घर्षण वेगळं. लोडसेल (भार मोजणारं उपकरण) बाहेर असेल तर दोन्ही वजा करावी लागतात, आणि घर्षण सील झिजेल तसं बदलत जातं. म्हणून चाचणीच्या आधी आणि नंतर रिकामा दांडा हलवून नोंद घ्यायची.

एक्स्टेन्सोमीटरची (लांबीतला बदल मोजणाऱ्या उपकरणाची) सुरी नमुन्याच्या मध्यभागी टेकवली तर तिच्याच खुणेतून भेग सुटते. म्हणून विस्थापन खांद्यांवर मोजतात आणि हवेत त्याच तापमानाला खांदा ते मधला भाग असं कॅलिब्रेशन करतात. धातू चक्रागणिक कडक किंवा मऊ होतो, तेव्हा हे कॅलिब्रेशन सगळ्या आयुष्याला एकच धरता येत नाही.

ऑक्सिजन आत येणाऱ्या पाण्यात मोजला तर फसगत. २८० अंशांना ऑटोक्लेव्हच्या भिंतीच ऑक्सिजन खातात. आत २०० पीपीबी सोडला तरी नमुन्यापाशी त्याहून कमी असू शकतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात मोजायचा आणि तो स्थिर होईपर्यंत चाचणी सुरू करायची नाही.

आणि वेळ. स्ट्रेनचा पल्ला ०.६ टक्के, रेट ०.०००४. एक चढ १,५०० सेकंदांचा. ५,००० चक्रं म्हणजे ८७ दिवस, मध्ये पंप थांबला की पाण्याचा इतिहास बिघडला. मंद रेटचे आकडे जगात कमी आहेत ते याच कारणानं. अपयश कधी मानायचं? ताणाचा भार २५ टक्क्यांनी घसरला की. तेव्हा नमुन्यात ३ मिलिमीटरच्या आसपास भेग असते. म्हणजे गणितातलं 'आयुष्य संपलं' याचा अर्थ पाइप फुटला असा नाही.

शीव_कोळीवाडा
शेवटचं वाक्य ठळक करायला हवं. भेग सापडली की सूत्र बदलतं, मग वाढीचा वेग लागतो. तिथेही तापमान, भार चढायला लागणारा वेळ आणि किमान-कमाल भाराचं गुणोत्तर हेच पाहुणे असतात.

तपासणीच्या बाजूनं एक. गरम-गार पाणी मिसळणाऱ्या टी-जोडापाशी बाहेरून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून निश्चिंत राहू नका. स्टेनलेसमध्ये उष्णता सावकाश शिरते. आत सेकंदाला एकदा तापमान हलत असेल तर ती लाट सव्वा मिलिमीटरच्या आतच बरीचशी विझते. दहा सेकंदांना एकदा असेल तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. १० मिलिमीटर भिंतीच्या बाहेर थर्मोकपल सरळ रेष दाखवणार आणि आत कातडीला जाळीसारख्या बारीक भेगा पडत असणार.

सायन_सर्कल
असं प्रत्यक्षात घडलंय?

चेंबूर_नाका
फ्रान्समध्ये सिव्हो १, मे १९९८. बंद भट्टीची उष्णता काढणाऱ्या सर्किटमध्ये गरम आणि गार पाणी मिसळण्याच्या जागेपुढचं ३०४एल चं कोपर. गरम-गारच्या मोठ्या फरकात ते जेमतेम १,५०० तास चाललं होतं. आरपार भेग, तासाला ३० घनमीटर गळती. भट्टी अगदी नवी होती. त्याआधी फार्ली २ (१९८७) आणि तिहांज १ (१९८८), दोन्हीकडे बंद म्हणून धरलेल्या झडपेतून गार पाणी झिरपत होतं आणि पाइपमध्ये वर गरम, खाली गार असे थर होत होते. त्यावरून अमेरिकेत १९८८ मध्ये बुलेटिन ८८-०८ निघालं, आणि प्रेशरायझरच्या (दाब सांभाळणाऱ्या टाकीच्या) सर्ज लाइनसाठी, म्हणजे ती टाकी सर्किटला जोडणाऱ्या पाइपसाठी, त्याच वर्षी ८८-११.

सिव्होच्या गोष्टीत लक्षात घेण्यासारखं हे, की तिथलं पाणी जेमतेम १८० अंशांचं होतं. म्हणजे पाण्याच्या गुणकाचा तक्ता फारसा ओरडणार नाही असं तापमान. मारलं ते तापमानाच्या फरकानं.

पालघर_पॅसेंजर
फरक म्हणजे किती स्ट्रेस होतो? एक आकडा द्या ना.

चेंबूर_नाका
पृष्ठभाग अचानक १०० अंशांनी गार झाला आणि मागचं हललंच नाही, असं टोकाचं धरा. इलॅस्टिसिटी × प्रसरणांक × फरक, भागिले (१ − ०.३). स्टेनलेस: १८०,००० × ०.००००१७ × १०० ÷ ०.७ = ४३७ मेगापास्कल. कार्बन स्टील: सुमारे ३५७. स्टेनलेस जास्त प्रसरण पावतं, शिवाय उष्णता कमी वाहतं म्हणून फरक टिकून राहतो. गंजायला नको म्हणून स्टेनलेस लावलं की औष्णिक थकव्याला जास्त हात दिला, हे डिझाइन करताना डोळ्यांपुढे ठेवावं.

पालघर_पॅसेंजर
सर्ज लाइन आपल्याकडे कुठे?

रसायन_दादर
२२० मेगावॅटच्या भट्ट्यांत दाब फीड-ब्लीडनं (पाणी आत सोडून, बाहेर काढून) सांभाळतात, प्रेशरायझर नाही, म्हणून सर्ज लाइनही नाही. तारापूर ३-४, म्हणजे ५४० मेगावॅटवाल्यांत प्रेशरायझर आहे. तारापूर १-२ उकळत्या पाण्याच्या, तिथला प्रश्न वेगळा.

गोवंडी_लोकल
एक राहिलं. पाणी बाजूला ठेवलं तर नुसत्या तापमानानं पोलादाचं आयुष्य कमी होतं का?

ऑटोक्लेव्ह
स्टेनलेसला हवेत ४०० अंशांपर्यंत फारसा फरक नाही. कार्बन आणि लो-अलॉय स्टीलला होतो, २९० च्या आसपास आयुष्य साधारण दीडपटीनं घटतं. शिवाय मोकळे नायट्रोजन-कार्बन अणू डिस्लोकेशनना (स्फटिकातल्या दोषरेषांना) गाठून धरतात (डायनॅमिक स्ट्रेन एजिंग), १५० ते ३०० च्या पट्ट्यात आणि मंद रेटला. भार-स्ट्रेनच्या आलेखावर करवतीचे दात दिसतात. आपल्या प्रायमरी पाइपिंगच्या एसए ३३३ ग्रेड ६ सारख्या पोलादाची चाचणी करताना आलेख थरथरला तर यंत्राचा दोष समजून फिल्टर लावू नका. तो धातूच बोलतोय.

पवई_पूर्व
सगळ्यांचे मनापासून आभार. मॉडेलमधून काढलं: परतीचा वाटा १७ टक्के आहे. एक शेवटचा प्रश्न. २०१८ ची सुधारित आवृत्ती वापरली तर?

चेंबूर_नाका
तीच वापरा. त्यात स्टेनलेससाठी तापमानाचा उंबरठा १५० वरून १०० वर आला, रेटची वरची मर्यादा ०.४ वरून १० टक्के प्रति सेकंद झाली, आणि २.०८ चा तळ गेला. म्हणजे भूकंपासारख्या जलद भाराला गुणक एकाजवळ येतो, तर १०० ते १५० मधला पट्टा, जो आधी तापमानाच्या संज्ञेत फुकट होता, आता मोजला जातो. तुमच्या केसला: २८० आणि सर्वांत मंद रेटला ८.३; झटक्यासाठी सरासरी (२८० + १००) ÷ २ = १९०, तिथे तुमच्या रेटला २.२. सतरा टक्के आणि त्र्याऐंशी टक्के घालून ३.२ च्या आसपास, युसेज ०.३९.

ऑटोक्लेव्ह
आकडा बरोबर. फक्त तो १७ टक्के ज्या अर्ध्या तासावर उभा आहे तो अर्धा तास कागदावरचा की प्लँटच्या नोंदीतला, ते तपासा. परत गरम होणं पाच मिनिटांत होत असेल तर स्ट्रेनचा पल्लाच वाढेल, मग हवेतला ०.१२ सुद्धा तुमचा राहणार नाही.

पवई_पूर्व
कागदावरचा आहे. नोंदी मागवतो आणि इथेच टाकतो.